इसब, अळंबीचा अर्क आणि 'मलमं फेकून द्या'

फोंड्याची माई
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'धिंगरी अळंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) अर्क रोज लावा, इसब मुळापासून जातो, डॉक्टरची मलमं फेकून द्या.' पहिलं एकवेळ सोडलं असतं, शेवटचं सोडणार नाही. माझ्या धाकट्याला चौथ्या महिन्यापासून इसब. कोपराच्या घडीत कातडी फाटून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. कुणाचं तरी ऐकून मलम एकदम थांबवलं. आठवड्यात पू झाला, इस्पितळ गाठावं लागलं. ती चादर मी धुतलीय.

डिचोलीकर
माई, वाईट वाटलं. पण म्हणून अळंबीत काहीच नाही असं कसं? स्लोव्हाकियात धिंगरीतल्या बीटा ग्लुकान या तंतुमय घटकाचं क्रीम १०५ रोग्यांच्या अर्ध्या अंगाला लावून पाहिलं. खाज कमी झाली.

फोंड्याची माई
ती चाचणी खुली होती, क्रीम कुठल्या बाजूला लावलंय ते रोग्याला दिसत होतं. इसबही सौम्य ते मध्यम, आणि क्रीम पूरक म्हणून. घरी मिक्सरला फिरवलेला लगदा म्हणजे ते क्रीम नव्हे. शिताके नावाची अळंबी कच्ची खाऊन काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे पट्टे उठतात, जपानात १९७७ सालची नोंद आहे.

सत्तरीची सून
धिंगरी कसली घेऊन बसलात! खरा गुण आमच्या रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या अळमीत. सासूबाईंच्या टाचांच्या भेगा त्यानेच भरल्या.

वाळपयकार
आता अंगाला लावायलाही अळमी? आधीच अभयारण्यात घुसून कळ्यासकट उपटतात. ही अळमी शेडमध्ये पिकत नाही, तिची बुरशी वाळवी वारुळात पाळते. छत्री उघडायच्या आधीच खुडली तर बीजाणू पडणार कुठून? सातेरी देवी म्हणून जिला हात जोडतो, तीच रोयण खणायची?

सत्तरीची सून
तोंड सांभाळून! आमच्या घरचं कुणी रोयण खणत नाही. रस्त्याकडेला गाडी थांबवून मागाल तो भाव मोजणारे तुम्ही शहरवाले, आणि चोर आम्ही?

वाळपयकार
खणणाऱ्यांना म्हटलं, तुम्हाला नाही. विकत मीही घेतो, ते खरं. यंदा कळ्या घेणार नाही.

डिचोलीकर
इसबावर या. माई, घरगुती लगद्याचं तुमचं बरोबर, मी तो विचार केला नव्हता. पण आपलं खोबरेल? फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर व्हर्जिन खोबरेल तपासलं, खनिज तेलापेक्षा सरस ठरलं.

फोंड्याची माई
खोबरेल मान्य. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोळते, पण मलमासोबत, मलमाऐवजी नव्हे. मूळ पोस्टमधली ती ओळ अजून तशीच आहे. ज्यांनी लिहिली त्यांनी आजच काढावी.