अविवाहित आईचे पालकत्व आणि वडिलांच्या भेटी : लेखी करारावर सही करावी का?

नमस्कार. माझी मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. तिचे वडील आणि मी लग्न न करता पुण्यात पाच वर्षे एकत्र राहिलो. दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो आणि तेव्हापासून ती माझ्याबरोबर नाशिकला, माझ्या आईवडिलांच्या घरी राहते. जन्मदाखल्यावर आम्हा दोघांचीही नावे आहेत. ते दर दुसऱ्या शनिवारी भेटायला येतात, शाळेची फी वेळेवर भरतात, आणि त्या दिवशी ती सकाळपासून खिडकीत बसून असते. हे नाते मला तोडायचे नाही. आधीच सांगते, कारण आजवर ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी 'भेटी बंद कर' एवढेच सुचवले.

गेल्या महिन्यात त्यांनी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करायच्या कराराचा मसुदा पाठवला. त्यात दोघेही समान पालक, मे महिन्याची संपूर्ण सुट्टी त्यांच्याकडे आणि शाळा बदलण्यासाठी किंवा पासपोर्टसाठी त्यांची लेखी संमती, अशा अटी आहेत. सुट्टीला माझी हरकत नाही. संमतीची अट मात्र मला घाबरवते.

मी वाचले आहे ते असे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार विवाहाबाहेर जन्मलेल्या अपत्याची नैसर्गिक पालक (म्हणजे न्यायालयाने न नेमताही कायदा जिला पालक मानतो ती व्यक्ती) आई असते आणि तिच्यानंतर वडील; विवाहातून जन्मलेल्या अपत्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देता पालकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली, पण त्या प्रकरणातील वडिलांचा मुलाशी काही संबंधच नव्हता.

माझी खरी अडचण पुढे आहे. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. उद्या त्यांनी असा दावा केला, तर तेच पहिले नैसर्गिक पालक ठरतील का? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने वडील हयात असतानाही, ते अनुपस्थित किंवा उदासीन असतील तर, आई पालक होऊ शकते असे म्हटले. पण माझ्या मुलीचे वडील ना अनुपस्थित आहेत ना उदासीन. आणि 'आमचा विवाह झालेला नव्हता' असे करारात नोंदवून घ्यायचे, तर माझ्या हक्कासाठी मीच तिच्यावर 'अनौरस' हा शिक्का मारते आहे असे वाटून हात थांबतो.

असा खाजगी करार न्यायालयावर बंधनकारक नसतो आणि मुलाचे हितच सर्वोच्च मानले जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही एकदा सही केल्यावर ती माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल का? त्याऐवजी आम्ही दोघांनी मिळून नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात जावे, पालकत्व माझ्याकडे व भेटीचे दिवस त्यांना, अशा कन्सेंट टर्म्स (दोघांच्या संमतीने ठरलेल्या लेखी अटी) दाखल कराव्यात आणि त्यावर आदेश घ्यावा, हे अधिक सुरक्षित ठरेल का? कोणी असा आदेश घेतला असेल, तर त्याला किती काळ लागला आणि एवढ्या लहान मुलीला न्यायाधीशांसमोर न्यावे लागले का, हे कृपया कळवावे. मुलीला यातले अजून काहीही माहीत नाही.

मसुद्यावर उत्तर देण्यासाठी मी त्यांच्याकडून महिनाअखेरपर्यंत वेळ मागून घेतला आहे.