घरी शोधले तर पहिले, विजयनगरात नावही नाही : इंदूरचा आयटी सपोर्ट व्यवसाय स्थानिक शोधात कसा दिसेल?

प्रश्न : सुदामानगरकर

नमस्कार. माझा इंदुरात लहान कार्यालयांना आयटी सपोर्ट देण्याचा व्यवसाय आहे. अकरा वर्षे झाली, सध्या पाच इंजिनिअर आहेत. सीएंची कार्यालये, दवाखाने, दोन शाळा आणि सांवेर रोडवरचे काही कारखाने आमच्याकडे वार्षिक देखभाल करारावर, म्हणजे एएमसीवर आहेत. सर्व्हर, टॅली, नेटवर्क, प्रिंटर आणि बॅकअप ही सगळी कामे आम्ही ग्राहकाच्या जागी जाऊन करतो. आमचे दुकान नाही. सुदामानगरातल्या राहत्या घराची एक खोली कार्यालय म्हणून वापरतो आणि तिथे ग्राहक सहसा येत नाहीत.

आजवर कामे ओळखीतून आली. आता मात्र ज्या कार्यालयांत जुने मालक जाऊन मुलगा किंवा सून कारभार पाहू लागली आहे, तिथे कोणी कोणाला विचारत नाही, सरळ फोनवर शोधतात. माझ्या घरी बसून ‘कम्प्यूटर एएमसी’ असे शोधले की आमचे नाव नकाशात पहिले येते, पण विजयनगरात ग्राहकाकडे बसून तेच शब्द टाकले तर पहिल्या वीसांतही आम्ही नसतो. मला वाटले की आमच्या संकेतस्थळात काही बिघाड आहे, म्हणून एका संस्थेला काम दिले. त्यांनी तीन गोष्टी केल्या. गूगलवरच्या व्यवसाय-प्रोफाइलमध्ये, म्हणजे नकाशात दिसणाऱ्या आमच्या नोंदीत, आमच्या नावापुढे ‘बेस्ट लॅपटॉप रिपेअर अँड आयटी सपोर्ट इन इंदौर’ असे शब्द जोडले, संकेतस्थळावर शहरातल्या चोवीस वसाहतींच्या नावांची चोवीस पाने तयार केली, आणि जाहिरात सुरू करण्याचा प्रयत्न केला. जाहिरात नामंजूर झाली, आणि पुढच्याच महिन्यात प्रोफाइल निलंबित झाले. त्यासोबत अकरा वर्षांच्या कामावर लोकांनी लिहिलेले अभिप्रायही दिसेनासे झाले, याचे मला फार वाईट वाटते आहे.

प्रोफाइल परत कसे मिळवावे, नवे उघडावे का, आणि विजयनगर, पलासिया, पीथमपूर या भागांत दिसण्याचा प्रामाणिक मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : रामबागेतला वेबवाला

सर्वांत आधी एक विनंती : नवे प्रोफाइल उघडू नका. निलंबित प्रोफाइल असताना त्याच व्यवसायाचे दुसरे उघडले, तर तेही जाण्याची शक्यता मोठी असते आणि निलंबनाविरुद्ध गूगलकडे करायचे मूळ अपील आणखी अवघड होते. आधी दोष दूर करा. नाव तेवढेच ठेवा जेवढे तुमच्या बिलावर, पाटीवर आणि जीएसटी प्रमाणपत्रावर आहे, कारण प्रत्यक्षातल्या नावात सेवेचे किंवा शहराचे शब्द जोडणे हे गूगलच्या नियमांचे उघड उल्लंघन आहे. ग्राहक तुमच्या जागी येत नसतील तर पत्ता लोकांपासून लपवा आणि त्याऐवजी सेवाक्षेत्र भरा. त्यात वीसपर्यंत ठिकाणे देता येतात. घराचा पत्ता उघडा ठेवून तिथे पाटी नसणे, हेही निलंबनाचे कारण होऊ शकते.

हे झाल्यावरच अपील करा, आणि अपील करण्यापूर्वी कागद स्कॅन करून हाताशी ठेवा : जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता परवाना, व्यवसायाच्या नावाचे वीजबिल किंवा टेलिफोन बिल. अपील पाठवल्यानंतर पुरावे जोडण्यासाठी साठ मिनिटांचीच मुदत असते. कागद शोधण्यात तो तास गेला म्हणून खरा व्यवसाय असूनही अपील फेटाळले गेल्याचे मी पाहिले आहे. कागदांवरचे नाव आणि प्रोफाइलवरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. अपील मंजूर झाले तर जुने अभिप्राय बहुधा परत दिसू लागतात, त्यामुळे धीर सोडू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या संकेतस्थळात बिघाड होता म्हणून तुम्ही विजयनगरात दिसत नव्हता, असे नाही. स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात, हे गूगलनेच सांगितले आहे : शोधलेल्या शब्दांशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. सुदामानगर शहराच्या पश्चिमेला आणि विजयनगर ईशान्येला. तिथून शोधणाऱ्याच्या आणि तुमच्या मध्ये अर्धे इंदूर येते आणि त्या वाटेवर याच धंद्यातली कितीतरी नावे आहेत. सेवाक्षेत्रात विजयनगर लिहिले म्हणजे तिथे वर दिसू लागतो, असा समज सर्रास आढळतो, पण माझ्या अनुभवात तसे होत नाही. पत्ता लपवला तरी पडताळणी झालेल्या जागेभोवतीच नकाशातले बळ राहते.

मात्र निकालांच्या पानावर दोन वेगळी मैदाने असतात, आणि हे आपल्याकडे फार थोडे जण लक्षात घेतात. वर नकाशातली तीन नावे असतात आणि खाली साधे दुवे असतात. नकाशात अंतराचे वजन मोठे, तर खालच्या दुव्यांत पानावर काय लिहिले आहे याचे. तुम्ही सुदामानगर, अन्नपूर्णा, राजेंद्रनगर, द्वारकापुरी या पट्ट्यात नकाशावर भरवसा ठेवा, आणि विजयनगर, पीथमपूरसाठी संकेतस्थळ मजबूत करा.

एक गोष्ट तातडीची : प्रोफाइलची मुख्य वर्गवारी तपासा. नावात ‘लॅपटॉप रिपेअर’ घालणाऱ्यांनी वर्गवारीही दुरुस्तीची ठेवली असेल, तर जुळणी चुकीच्या लोकांशी होत राहील आणि फुटलेल्या स्क्रीनसाठी फोन येत राहतील. तुमचे काम ‘कम्प्यूटर सपोर्ट अँड सर्व्हिसेस’ या वर्गवारीचे आहे. ती मुख्य ठेवा आणि बाकीच्या दुय्यम, त्याही खरोखर करत असलेल्या कामांपुरत्याच.

उत्तर : वडोदऱ्याहून, नेटवर्किंगच्या धंद्यात

जाहिरातीबद्दल सांगतो, कारण तो अनुभव मीही घेतला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलने त्रयस्थ तांत्रिक साहाय्य देणाऱ्यांच्या जाहिरातींवर जगभर निर्बंध आणण्याचे जाहीर केले. खोट्या ‘टेक सपोर्ट’च्या नावाने लोकांना फसवण्याचे प्रकार वाढले होते आणि खरा कोण, खोटा कोण हे जाहिरातीवरून ओळखणे अवघड झाले होते. त्यामुळे तुमची जाहिरात नाकारली गेली यात तुमच्या सचोटीवर शंका नाही, पण शब्द बदलून पुन्हा पुन्हा जाहिरात टाकू नका, खातेच बंद होऊ शकते. आपल्या धंद्याला विनामोबदला मिळणारे स्थान इतके महत्त्वाचे आहे, त्याचे एक कारण हेच.

अभिप्रायांविषयी माझी पद्धत सांगतो. काम संपले, जॉब कार्डवर ग्राहकाची सही झाली, की त्याच संध्याकाळी अभिप्रायाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि एवढीच विनंती करतो की काय अडचण होती आणि ती कशी सुटली ते आपल्या शब्दांत लिहावे. ‘छान सेवा’ यापेक्षा ‘टॅलीचा डेटा उघडत नव्हता, त्याच दिवशी बॅकअपवरून परत आणून दिला’ हे वाक्य पुढच्या ग्राहकाला निर्णय घ्यायला मदत करते. सवलत किंवा भेट देऊन अभिप्राय मागू नका. खूश ग्राहकाला दुवा आणि नाराज ग्राहकाला वेगळा फॉर्म, ही युक्तीही नियमबाह्य आहे. नाराजीचा अभिप्राय आला तर शांतपणे आणि वस्तुस्थिती सांगून उत्तर द्या. मी ज्या भाषेत अभिप्राय येतो त्याच भाषेत उत्तर देतो. आमच्याकडे गुजरातीत, तुमच्याकडे बहुधा हिंदीत आणि थोडे मराठीत.

उत्तर : पलासियातली सल्लागार

चोवीस पानांबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

वसाहतीचे नाव बदलून बाकी मजकूर तोच ठेवलेल्या पानांना गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात ‘डोअरवे’ म्हटले आहे, म्हणजे आत काहीही नसलेली नुसती दारे. ती काढून टाका. पण पुसून मोकळे होऊ नका. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून जवळच्या खऱ्या पानाकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जाईल आणि आलेला वाचक रिकाम्या पानावर आदळणार नाही.

त्यांच्या जागी कामानुसार पाने लिहा. एएमसीचे एक पान, ज्यात करारात काय येते आणि काय येत नाही, सुटे भाग वेगळे लागतात का, कॉल नोंदवल्यावर इंजिनिअर किती तासांत पोहोचतो आणि रविवारी काय, हे स्पष्ट असेल. माझ्या माहितीत इंदूरच्या फार थोड्या संकेतस्थळांवर हे लिहिलेले असते, आणि दवाखान्याच्या किंवा सीएच्या कार्यालयात निर्णय घेणाऱ्याला नेमके हेच हवे असते. दुसरे पान टॅली आणि सर्व्हरच्या बॅकअपचे, तिसरे नेटवर्क आणि वायफायचे. ठिकाणाचे पान तिथेच करा जिथे तुमच्याजवळ सांगण्यासारखे काम आहे. पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात शेडपासून कार्यालयापर्यंत केबल कशी नेली, धुळीमुळे नेटवर्कचा स्विच कुठे बसवावा लागला, वीज वरखाली होत असल्याने काय व्यवस्था केली, हे ग्राहकाची परवानगी घेऊन आणि तुम्ही काढलेल्या छायाचित्रांसह लिहिले, तर ते पान पीथमपूरच्या दुसऱ्या कारखानदाराच्या कामाचे आहे. असे काम तिथे केलेच नसेल तर पान करू नका.

नावांच्या रूपांकडेही लक्ष द्या. आपण मराठीत इंदूर लिहितो, हिंदीत इंदौर आणि इंग्रजी फलकावर तिसरेच रूप. वसाहतीला कोणी ‘योजना क्रमांक ५४’ म्हणते, कोणी ‘स्कीम चौपन्न’. महूचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण शोधताना बहुतेक जण महूच लिहितात. लोक जे म्हणतात ते मजकुरात सहज येऊ द्या. त्यासाठी पानाच्या तळाशी नावांची रांग लावण्याची गरज नाही, आणि वाचकाला न दिसणाऱ्या ‘मेटा कीवर्ड्स’च्या रकान्यात ती भरणे तर व्यर्थच आहे, कारण क्रमवारीसाठी तो रकाना वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे.

मराठी आणि हिंदी पाने करावीत का? माझे मत असे की हिंदी पान अवश्य करावे. मराठी पान तेव्हाच करा जेव्हा ते तुम्ही स्वतः लिहाल. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथल्या आपल्या लोकांना ते आपुलकीचे वाटेल, पण यंत्राने भाषांतर केलेला मजकूर न तपासता टाकलात तर तो वाचकालाही खटकतो आणि शोधयंत्रालाही. प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा ठेवा आणि कोणते पान कोणत्या भाषेचे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या ‘एचरेफलँग’ खुणेने ती पाने एकमेकांशी जोडा.

शेवटचे : तुमच्या सेवांची यादी आणि दूरध्वनी क्रमांक चित्राच्या स्वरूपात आहेत का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी असतात. ते साध्या मजकुरात आणा, आणि क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागेल असे करा. सर्व्हर बंद पडल्यावर शोधणारा माणूस फोनवरूनच शोधत असतो.

सुदामानगरकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मुख्य वर्गवारी खरोखरच ‘कम्प्यूटर रिपेअर सर्व्हिस’ अशी होती. गेल्या वर्षभर माझे इंजिनिअर कुरकुर करत होते की मोबाइलच्या स्क्रीनचे फोन का येतात. कारण आता कळले. नाव दुरुस्त केले, पत्ता लपवला, कागद स्कॅन करून ठेवले आहेत आणि उद्या अपील करतो.

दोन शंका राहिल्या. माझा एक इंजिनिअर विजयनगरात राहतो. त्याच्या घराच्या पत्त्यावर दुसरे प्रोफाइल चालेल का? आणि जस्टडायल, इंडियामार्टवर आमचा जुना ०७३१चा लँडलाइन क्रमांक अजून दिसतो, तो बंद होऊन चार वर्षे झाली. त्याने काही बिघडते का?

उत्तर : रामबागेतला वेबवाला

इंजिनिअरच्या घरावर प्रोफाइल करू नका. पाच माणसे पाच घरांतून निघत असली तरी व्यवसाय एकच आहे आणि त्याचे प्रोफाइलही एकच. आभासी कार्यालयाचा, म्हणजे माणूस न बसवता नुसता भाड्याने घेतलेला पत्ताही चालत नाही. पुढेमागे विजयनगरात खरोखर जागा घेतलीत, तिथे पाटी लावलीत आणि कामाच्या वेळेत तुमचा माणूस बसू लागला, तर त्या दिवशी दुसरे प्रोफाइल रीतसर काढता येईल. आणि त्या भागातून तुम्हाला करार मिळत असतील, तर त्या जागेचा हिशेब एकदा गंभीरपणे मांडून पाहावा असे मला वाटते.

उत्तर : पलासियातली सल्लागार

जुन्या क्रमांकाने बिघडते, आणि ते शोधयंत्रापेक्षा माणसाच्या बाबतीत अधिक. बंद क्रमांकावर फोन लावणारा ग्राहक दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही, तो पुढचे नाव निवडतो. एका वहीत तुमचे नाव, पत्ता आणि क्रमांक ज्या रूपात हवेत त्या रूपात एकदा लिहून ठेवा, आणि जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा, बिंग, ॲपलचे नकाशे, तुमचे फेसबुक पान या सगळीकडे तेच उतरवा. त्या निर्देशिकांची सशुल्क योजना घ्यायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे. नोंद अचूक करणे मात्र विनाशुल्क जमते.

आणि यापुढे स्वतःच्या फोनवर स्वतःचे नाव शोधून क्रम पाहू नका. तुम्ही जिथे उभे असता त्याप्रमाणे ते चित्र बदलते, हे तुम्ही अनुभवलेच आहे. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात संकेतस्थळाची मालकी सिद्ध करून कोणत्या शब्दांवर तुमची पाने दिसली आणि किती जणांनी उघडली ते पाहा. प्रोफाइल परत मिळाल्यावर त्याच्या कामगिरीच्या अहवालात फोन किती आले तेही दिसेल. त्याच्या शेजारी तुमच्या कॉल रजिस्टरमध्ये ‘आमचा पत्ता कुठून कळला’ असा एक रकाना वाढवा आणि फोन घेणाऱ्याला तो प्रत्येक वेळी भरायला सांगा.

सुदामानगरकर

रकाना आजच आखला. अपिलाचा निकाल आला की इथेच कळवतो.