सायकेडेलिक थेरपीला मराठीत काय म्हणावं?

मुक्काम_मेलबर्न: इथल्या मराठी ज्येष्ठांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ आघातोत्तर तणावासाठी एमडीएमए (पार्ट्यांमधली 'एक्स्टसी') आणि हट्टी नैराश्यासाठी सिलोसायबिन (काही अळंब्यांमधलं द्रव्य) देऊ शकतात, त्या सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा बदलणाऱ्या, द्रव्यांच्या उपचाराबद्दल. मी लिहिलं, 'अंमली पदार्थांच्या साहाय्याने मानसोपचार'. मसुदा वाचून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आता डॉक्टरच नशा करायला लावणार?" दुसरा शब्द सुचवा.

पदच्छेद: 'मनोदर्शी'. मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑझमंड यांनी १९५० च्या दशकात 'सायकेडेलिक' हा मूळ शब्द घडवला तो ग्रीकमधल्या 'मन' आणि 'प्रकट करणे' यांवरूनच.

साधा_वाचक: मनोदर्शी म्हटलं की मला चेहरा वाचणारा ज्योतिषी दिसतो. सायकेडेलिकच ठेवा. रेल्वेला आपण अग्निरथ म्हणतो का?

हणजूणकर: आमच्याकडे गोव्यात सायकेडेलिक म्हणजे रात्रभर ट्रान्स संगीताच्या पार्ट्या आणि पहाटे पोलीस. काकूंना तोही झेपायचा नाही.

ओपीडीनंतर: मी मानसोपचारतज्ज्ञ. काकूंची शंका आमच्या पेशातही आहे, फक्त जरा सभ्य भाषेत. ऑस्ट्रेलियाचा निर्णय घाईचा झाला असं तिथल्याच अनेक तज्ज्ञांचं मत पडलं. अमेरिकेत जून २०२४ मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एमडीएमए उपचाराच्या परिणामकारकतेवर ९-२ असा विरोधी कौल दिला, ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी नाकारली. मोठी गोची अशी की चाचण्यांमध्ये गोळी खरी मिळाली की खोटी, हे बहुतेक रुग्ण ओळखतात. मग गुण औषधाचा किती आणि आशेचा किती? तेव्हा 'मनोदर्शी'सारखे उदात्त शब्द नकोत. शब्दच जाहिरात करायला लागतो.

पदच्छेद: आणि 'अंमली' बदनामी करतो, ते चालतं? भारतात हे पदार्थ ज्या १९८५ च्या कायद्यात येतात त्याच्या मराठी नावात 'गुंगीकारक' आहे, 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' आहे, 'अंमली' नाहीच. तेच घ्या की.

मुक्काम_मेलबर्न: मनोव्यापारांवर परिणाम तर चहाचाही होतो! शिवाय मथळ्यात मावणार नाही. आणि खरी गोष्ट निसटतेच आहे. हे औषध घरी न्यायला मिळत नाही. थेरपिस्ट तासन्‌तास शेजारी बसतात, आधी आणि नंतर बोलण्याची सत्रं असतात. 'साहाय्याने' म्हटल्यावर यातलं काय कळतं?

साधा_वाचक: 'अंमली'चा आम्लाशी संबंध असेल ना? ताडी आंबते म्हणून?

पदच्छेद: छे! अरबी 'अमल'. अंमलबजावणीतला अंमल तोच. भांगेचा चढतो, पेशव्यांचा होता.

हणजूणकर: 'कैफ'सुद्धा अरबीच. शुद्धिवाद्यांनी आता काय चढवायचं?

ओपीडीनंतर: माझे पेशंट 'तार' म्हणतात. "डॉक्टर, या गोळीने तार लागत नाही ना?"

पदच्छेद: ही तार वीणेची की विजेची?

साधा_वाचक: विजेची कशी असेल? वीज यायच्या आधी लोक तारेत नव्हते का?

पदच्छेद: पुरावा द्या. एखादी जुनी लावणी, बखर, काहीही.

हणजूणकर: तार म्हणजे पोस्टाची तारही असू शकते. एकदम खबर पोचते.