मदत हवी आहे: गरोदरपणातली शुगर, फक्त उपाशीपोटीचीच जास्त

अठ्ठाविसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीत दोन तासांनी 162 आली, मर्यादा 140. आधी मधुमेह नव्हता, वडिलांना मात्र आहे. डॉक्टर म्हणाल्या, वारेतल्या हार्मोन्समुळे या दिवसांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, गोड खाल्ल्यामुळेच झालं असं नाही. (हे सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे डोहाळजेवणातल्या जिलबीवरचा आळ उतरला.)

तीन आठवडे घरी मोजतेय. पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, दुपारी भाकरी-उसळ, भात दोन चमचे, जेवल्यावर वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या. जेवणानंतर दोन तासांनी 105 ते 118, म्हणजे 120च्या आत. अडतंय ते सकाळी उठल्यावर: 98, 101, 97. हवी 95च्या खाली. रात्रीचं जेवण साडेसातला, झोप अकराला, मध्ये काही नाही. पुढच्या तपासणीपर्यंत उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करायचं ठरलंय. त्याला माझी ना नाही.

घरात कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि भिजवलेली मेथी ओट्यावर रांगेत उभी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेणार नाही, तेव्हा काढे सुचवू नका, प्लीज.

ज्यांची अशी फक्त उपाशीपोटीचीच वाढली होती, त्यांनी झोपताना काय खाल्लं, दूध, दाणे, पनीर की काहीच नाही? आणि त्याने सकाळचा आकडा खरंच हलला, की शेवटी इन्सुलिनच घ्यावं लागलं?