‘उभयस्नेही बहुवारिक’ हा शब्द योग्य ठरेल का?

प्रश्न (चोपडा) : पदव्युत्तर रसायनशास्त्राची टिपणे मराठीत लिहीत आहे. ज्या पॉलिमरच्या एकाच साखळीत पाण्यात रमणारा आणि पाण्यापासून दूर राहणारा असे दोन्ही भाग असतात, त्याला काय म्हणावे? दूर राहणाऱ्या भागासाठी ‘जलद्वेषी’, ‘जलभीरू’, ‘जलविरोधी’ असे तिन्ही शब्द वाचनात आले. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (जळगाव) : पॉलिमरसाठी ‘बहुवारिक’ आपल्याकडे रुळलेला आहे, त्यामुळे हिंदीतला ‘बहुलक’ घेण्याचे कारण नाही. खरी अडचण ‘जलद्वेषी’ची आहे. तेलकट साखळी पाण्याचा द्वेष करीत नाही; पाण्याचेच रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके धरून असतात की, त्यांच्यात शिरू न शकणाऱ्या साखळ्या एकत्र ढकलल्या जातात. ‘जलभीरू’ वाचताना पिसाळलेले कुत्रे चावल्यावर होणारा जलसंत्रास आठवतो. म्हणून मी ‘जलविमुख’ लिहितो आणि दुसऱ्या भागाला ‘जलस्नेही’.

आपल्या भागातले उदाहरण द्यावेसे वाटते. केळीवर करप्याचे औषध नुसत्या पाण्यात कालवून फवारले, तर पानावरच्या मेणामुळे थेंब मोत्यासारखे गोळा होतात आणि देठाकडे ओघळून जातात. त्याच पंपात स्टिकर घातले की थेंब पसरून पान सारखे ओले होते. काही स्टिकरांच्या रेणूत सिलिकॉनचा जलविमुख भाग मेणाला धरतो आणि पॉलिइथरची जलस्नेही साखळी पाण्याला धरून राहते. टिपणांत व्याख्येच्या आधी हे उदाहरण घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

घडणीबद्दलही लिहायला हवे. मायकेल श्वार्ट्झ यांनी १९५६ मध्ये दाखवले की, विशिष्ट परिस्थितीत साखळीची टोके क्रियाशील राहतात आणि पहिला एकवारिक (ज्यांची साखळी बनते तो सुटा लहान रेणू) संपल्यावर दुसरा घातला, तर त्याच साखळीला नवा गट जोडला जातो. यालाच ‘जिवंत बहुवारिकीकरण’ म्हणतात. पोलोक्झामर या उभयस्नेही बहुवारिकांमध्ये आधी प्रॉपिलीन ऑक्साइडची जलविमुख साखळी तयार करून तिच्या दोन्ही टोकांना इथिलीन ऑक्साइडच्या जलस्नेही साखळ्या वाढवतात. त्यातल्या ४०७ क्रमांकाच्या प्रकाराचे सुमारे २० टक्क्यांचे द्रावण शीतकपाटात पातळ असते आणि शरीराच्या उबेला घट्ट जेल होते, कारण उष्णतेने मधल्या भागाभोवतीचे पाणी सुटते, जलविमुख गाभ्याचे सूक्ष्म पुंजके बनतात आणि ते दाटीने रचले जातात. पाण्यात न विरघळणारे औषध याच गाभ्यात सामावते.

पुरवणी (धुळे) : संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे माया आणि तेलही, आपण ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणतो तो त्यातूनच. ‘अँफिफिलिक’ या इंग्रजी संज्ञेच्या ग्रीक मुळाचा अर्थही ‘दोघांवर प्रेम करणारा’ असाच आहे, त्यामुळे ‘उभयस्नेही’ नेमका बसतो. ‘स्टिकर’ मात्र तसाच ठेवावा; कृषी केंद्रात शेतकरी तोच शब्द सांगून बाटली मागतो.