कोरड्या दिवसाच्या छायाचित्रात न दिसणारा पूर
पूर्ण झालेल्या प्रकल्पांची छायाचित्रे पाहून समकालीन लँडस्केप आर्किटेक्चर (उद्याने, नदीकाठ अशा मोकळ्या जागांची रचना) शिकता येते, या मताशी मी सहमत नाही. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा मोडून २०१२ पर्यंत सुमारे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी घडवण्यात आली. पूर आल्यावर शेजारची हिरवळ पाण्याखाली जाऊ देणे हाच त्या रचनेचा गाभा असून, कोरड्या दिवसाच्या छायाचित्रात तो दिसतच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांनी त्या उद्यानाचा आराखडा हाती घेऊन खाम नदीच्या काठी उभे राहावे, तेही एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जोरदार पावसानंतर (चपला चिखलात रुतणारच). सिंगापूरमध्ये बाराही महिने पाऊस पडतो, आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात काठ भेगाळतो. म्हणून तिथली झाडांची यादी उचलू नये, काठाच्या उताराचे छेद (उभा काप दाखवणारी रेखाचित्रे) तेवढे बारकाईने अभ्यासावेत.