बीएस्सीच्या टक्क्यावरून एमएस्सीत कोण टिकन हे ओळखता येते का?

केमिस्ट्रीवाला_मास्तर: यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासाच्या हिशोबानं पगार) शिकवतो. एमएस्सी पार्ट वनले २० पोरं, दरवर्षी चार-पाच पहिल्याच सेमले गळतात. म्हटलं ॲडमिशनच्या टायमालेच ओळखू, म्हणून पाच वर्षांचे बीएस्सीचे टक्के अन् एमएस्सीचा सीजीपीए एक्सेलमधी टाकून पाह्यला तर काही मेळच बसून नाई राह्यला. ८२ वाली नापास, ५८ वाला वर्गात पहिला. मंग मार्कं फालतूच का?

आकडेमोड: फालतू नाईत मास्तर, गोम तुमच्या यादीत आहे. सीटा मेरिटनं भरल्या म्हणजे ४५ वाला तुमच्या एक्सेलमधी आलाच नाई न. जिनिंगवाल्यानं निवडून लांब धाग्याचाच कापूस घ्यायचा अन् मंग म्हणायचं का लांबीनं काही फरक पडत नाई, तसं झालं हे. याले रेंज रिस्ट्रिक्शन म्हणतात. अमेरिकेत कुन्सेल अन् त्याच्या सोबत्यांनी २००१ साली ८२ हजारांवर विद्यार्थ्यांचे जुने अभ्यास एकत्र करून, ही गोम दुरुस्त करून हिशोब केला. पदवीच्या मार्कांचं पीजीच्या मार्कांशी कोरिलेशन (दोन गोष्टींचा मेळ किती त्याचा आकडा, ० म्हणजे मेळच नाई, १ म्हणजे पुरा मेळ) निंघालं ०.३०, अन् जीआरई म्हणजे तिकडच्या पीजी प्रवेशाच्या परीक्षेतल्या विषयाच्या पेपरचं ०.४१. आता ०.४१ चा वर्ग करा, १७ टक्केच होते, म्हणजे पोरापोरांच्या पीजी मार्कांतल्या फरकाचा तेवढाच भाग त्या पेपरवरून कळते, बाकीचं सारं दुसरीकडंच. अन् डिग्री पुरी करन का नाई, तिथं तर पदवीचे मार्कं ०.१२ वरच. आकडे तिकडचे आहेत, जसेच्या तसे आपल्याले लावू नका.

वेचणीवाली: सर मी अशीच ७९ वाली होती. गावावरून सकाळी साडेसहाची एसटी, ते चुकली का मंग डायरेक्ट ११ ची. दिवाळीनंतर घरी कापूस फुटलेला, वेचाले मजूर भेटत नाई अन् तवाच सेमची परीक्षा, दोन बॅक लागले. हे एक्सेलात कुठी लिहान? पहिल्या महिन्याची प्रॅक्टिकलची हजेरी पाहा, मी तवाच मांगं पडली होती, कोणाले दिसलं नाई.

गप्पाष्टक: हजेरी काय पाहता, आमच्याकडं रजिस्टरात सारेच रोज हजर असतात भाऊ.

केमिस्ट्रीवाला_मास्तर: हाव, रजिस्टर सोडा. आता जर्नलं काढून बसलो. मागच्या साली गळलेल्या चौघांतल्या तिघांचं जर्नल तिसऱ्या प्रयोगावरच थांबलं, त्यात ८२ वालीचंबी. ताई, टक्क्याचा कॉलम ठेवतो, पण त्याच्या बाजूले गाव किती किलोमीटर अन् पहिली गाडी कितीची, हेबी टाकतो.